तपासणीचं सूत

सकाळची प्रार्थना संपली की आमच्या हेडमास्तरांच्या टेबलासमोर रांग लागायची. ती तक्रारींची रांग असे. कुणाची लेखणी मोडलेली, कुणाला चिमटा बसलेला, कुणाच्या जागेवर दुसरा बसलेला, कुणाची टोपी तिसऱ्यानं विहिरीकडे भिरकावलेली. हेडमास्तर तंबाखू मळत एकेकाला पुढे घेत.

"बोल बे."

"गुर्जी, यानं मले बोचकारलं."

"तू काऊन बोचकारलं?"

"गुर्जी, यानं माह्या पाटीवर थुकलं."

मग दोघांच्या हातावर एकेक छडी पडे आणि पुढचा खटला चालू होई. यात पहिला तास जाई. पुष्कळदा दुसराही जाई. हेडमास्तरांना या रांगेचा फार अभिमान होता. माझ्याशिवाय इथं पान हलत नाही, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आणि ते खरंच होतं. नऊ वर्षं त्यांनी त्या शाळेत हेच एक काम मन लावून केलं होतं. पान आपणहून हलू द्यायचं नाही. पुढच्या आयुष्यात मी पुष्कळ हेडमास्तर पाहिले, काहींच्या हाताखाली राबलो, शेवटी स्वतःही झालो. पण लहान मुलांच्या असहायतेवर इतका संतुष्ट होऊन बसलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. आम्ही अजून मध्यप्रदेशात होतो. शाळा अल्लीपूरच्या पुढे दोन कोसांवरच्या एका गावी होती. कवेलूच्या छपराच्या दोन खोल्या, मधे पडवी, मागे विहीर. मास्तर आम्ही तिघं. हेडमास्तर, त्यांचे हो ला हो मिळवणारे दुसरे मास्तर, आणि मी.

माझे वडील हिंगणघाटच्या एका जिनात कापसाचे बोजे उचलत. घरात अक्षर ओळखणारा मी पहिलाच. मॅट्रिक झालो, नॉर्मल स्कूलमध्ये मास्तरकीचं ट्रेनिंग घेतलं आणि या शाळेत लागलो. बी. ए. मी पुष्कळ पुढे, नोकरी करता करता, बाहेरून बसून झालो. शाळेनं मला जिनाच्या फाटकाबाहेर काढलं, हे मी कधी विसरलेलो नाही. मला शिकवणाऱ्या मास्तरांपुढे मी आजही मनातल्या मनात वाकतो. आणि म्हणूनच शाळेचं मातेरं करणाऱ्यांबद्दल माझ्या मनात दया नाही.

माझी नोकरी एका वर्षासाठी होती. मार्च महिन्यात शाळाखात्याचे डिप्टी साहेब तपासणीला येणार, त्यानंतर हेडमास्तर माझा रिपोर्ट लिहिणार आणि त्यावर मी कायम व्हायचा की नाही ते ठरणार. न झालो तर हिंगणघाट आणि जिनाचं फाटक. वडिलांची छाती कापसाच्या धुळीनं भरत चालली होती. ते रात्रभर खोकत आणि सकाळी बोजे उचलायला जात. माझ्या कायम होण्याची वाट ते माझ्यापेक्षा जास्त पाहत होते.

मला तिसरीचा वर्ग मिळाला. एकतीस पोरं. पहिल्या आठवड्यात माझ्याही टेबलापुढे रांग लागली आणि मीही न्याय देऊ लागलो. चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मी गणित शिकवलंच नाही. नॉर्मल स्कूलमध्ये 'स्वावलंबन' या विषयावर आमच्याकडून एका व्याख्यात्यानं बावीस पानं लिहून घेतली होती. त्यातल्या कुठल्या ओळीखाली रेघ मारायची, हेही तेच सांगत. त्यांच्या अंघोळीचं पाणी एक विद्यार्थी काढून देई आणि दुसरा धोतर वाळत घाली. त्या बावीस पानांत मला एकही कामाची ओळ सापडली नाही. तेव्हा मी आपलाच एक नियम केला. मोडकं, सांडलेलं, हरवलेलं, भांडणाचं, काहीही असो, ते माझ्याकडे आणायचं नाही. आधी स्वतः पाहायचं. नाही जमलं तर शेजाऱ्याला घ्यायचं. रक्त आलं तरच मला सांगायचं.

दुसऱ्याच दिवशी वर्गातला पाण्याचा माठ रिकामा होता.

"गुर्जी, पानी नाई."

"बरं."

पोरगा उभा राहिला. त्याला वाटलं मला ऐकू आलं नाही. "माठात पानी नाई जी."

"ऐकलं मी. मग?"

"मंग तुमाले सांगून राह्यलो."

"सांगितलंस. आता?"

तो माठाकडे गेला, आत पाहून आला आणि जागेवर बसला. विहीर पन्नास पावलांवर, दोर-बादली पडवीत. तरी एकतीस पोरं जेवणाच्या सुट्टीपर्यंत तहानेनं बसली आणि मला वेड लागल्यासारखी माझ्याकडे पाहत राहिली. मला शेजारच्या खोलीतून हेडमास्तरांचा आवाज येत होता, "अबे तू पानी आन. तू बादली धर. तू बाजूले हो." तिथं माठ भरलेला होता. आपण मूर्खपणा करत आहोत, उठावं आणि दोन पोरांची नावं घ्यावीत, असं शंभरदा वाटलं.

दोन पोरांत सूत कातायची एक टकळी होती, तिच्यावरून भांडण झालं. मी मधे पडलो नाही. त्यांनी ओढाताण करून ती मोडली आणि एकेक तुकडा घेऊन बसले. दुसरे मास्तर दारातून पाहत होते. म्हणाले, "वा मास्तर. बराबर वाटनी झाली. आता पोट्ट्याचे बी दोन तुकडे होऊ द्या." हा विनोद त्यांनी पुढे वर्षभर सांगितला. त्यांच्याजवळ दुसरा नव्हता.

पण पोरं मोठ्या माणसांइतकी मठ्ठ नसतात. दहा-बारा दिवसांनी माठ भरलेला दिसू लागला. कोण भरतं ते मी विचारलं नाही. त्यांनी आपसांत काही ठरवलं होतं. मी वर्गात एक टोपली ठेवली होती. तिच्यात दाभण, सुतळी, चाकूचं मोडकं पातं, लाखेचा तुकडा आणि चिंध्या होत्या. पाटीची चौकट निखळली की पोरं सुतळीनं आवळून बांधू लागली. टकळी मोडली की बांबूची काडी तासून तिला फुटक्या कवेलूची चकती बसवू लागली. जागेचं भांडण त्यांनी टाटपट्टीवर खडूच्या रेघा ओढून मिटवलं. एका पोरानं आपली रेघ रोज बोटभर सरकवायचा उद्योग केला, तर त्याला त्यांनी तीन दिवस दाराजवळच्या उन्हात बसवलं. मी दिलेल्या कुठल्याही शिक्षेपेक्षा ती चांगली लागू पडली.

सापडलेल्या वस्तूंचा मला सर्वांत जास्त जाच होता. दिवसाकाठी पाच-सहा वेळा कुणीतरी मुठीत निब, बटण, कवडी, चिंचोका, अर्धी पेन्सिल घेऊन माझ्यापुढे येई. मी सांगितलं, "मला दाखवू नका. नीट पाहा, कुणाची आहे ते ओळखा आणि त्याच्या हातात द्या. शाळेतल्या कुणाची नसेल तर गावात ज्याची असेल त्याच्या घरी नेऊन द्या." याचा त्यांना नादच लागला. पेन्सिलीवरच्या दातांच्या खुणांवरून ती कुणाची ते ओळखू लागले. बटणाच्या दोऱ्यावरून घर शोधू लागले. एकदा शाळेजवळ सापडलेली बैलाच्या गळ्यातली घुंगरं चार पोरांनी तीन आळ्या फिरून बैलाच्या गळ्यापर्यंत पोचवली.

यात सर्वांत तरबेज एक मुलगी होती. तिचे आईबाप गावाच्या कडेला झोपडी करून राहत आणि मजुरीला जात. घरी ते गोंडी बोलत. हेडमास्तर तिच्या समोरच म्हणत, "हे जंगलातली. इले काय समजते?" ती वर्गात फार बोलत नसे. पण तिनं एकदा पाहिलेली वस्तू ती विसरत नसे आणि टकळी तर तिच्या हातात अशी फिरे की बाकीची पोरं आपली तुटलेली तार जोडायला तिच्याकडे जात.

गावाला हे फारसं आवडलं नाही. एक दिवस एक कास्तकार शाळेत आले. त्यांच्या पोराच्या पाटीची चौकट सुतळीनं बांधलेली होती, ती त्यांनी माझ्यापुढे धरली.

"मास्तर, पोट्ट्याची पाटी फुटली तं तुमी त्यालेच जोडाले लावली म्हनते."

"हो. चांगली जोडली त्यानं."

"आमी पोट्टे शाळेत कायले धाडतो जी? शिकाले धाडतो. कामच करवाचं असंन तं आमच्या घरी काय कमी हाय?"

हेडमास्तर पडवीत येऊन उभे राहिले होते. म्हणाले, "पाटील, नवीन पद्धत हाय ते. मास्तरनं खुर्चीत बसाचं आन् पोट्ट्यायनं शाळा चालवाची." मग माझ्याकडे वळून, "पोट्टे आपलेआप कराले लागले तं सरकार आपल्याले पगार कायचा देईन? इचार केला का?"

हा त्यांचा खरा विचार होता, आणि तो त्यांनी विनोद म्हणून सांगितला. पुढे मी पाहिलं, अशा माणसांचे सगळेच खरे विचार विनोदात येतात.

आता सुताचं सांगतो. आमच्या शाळेच्या पाटीवर 'बुनियादी शाळा' असं रंगवलेलं होतं. म्हणजे पुस्तकाबरोबर हातानं काम, आणि आमच्या भागात हातानं काम म्हणजे सूतकताई. रोज एक तास पोरं टकळीवर सूत कातत. चांगली कल्पना होती. आमच्या भागात कापूस काय कमी? पण हेडमास्तरांच्या वर्गात त्या तासाला पोरं टकळ्या हातात धरून बसत आणि ते झोपत. माझ्या वर्गात सूत निघे, पण ते सूत म्हणजे कुठं सुतळी आणि कुठं केस. वर्षाच्या शेवटी त्याच्या आठ-दहा वाकड्यातिकड्या गुंड्या, म्हणजे सुताच्या लडी, झाल्या होत्या.

तपासणीच्या वहीत मात्र निराळंच लिहिलेलं होतं. ती वही मी एकदा उघडून पाहिली. चार वर्षांची चार पानं, एकाच डिप्टी साहेबांच्या अक्षरात: "सूत एकसारखे व बारीक. प्रगती समाधानकारक." चारही पानांवर तेच वाक्य. मला नवल वाटलं. दुसऱ्या मास्तरांना विचारलं, तर ते हसले.

"ते आजीचं सूत हाय. तपासनीचं."

गावाच्या दुसऱ्या टोकाला एक विधवा म्हातारी राहत असे. ती दिवसभर चरखा चालवी आणि महिन्याच्या शेवटी गुंड्या वर्ध्याच्या खादी भांडारात देऊन कापूस आणि मजुरी घेई. तिचं सूत फार सुबक. दर वर्षी तपासणीच्या आदल्या दिवशी हेडमास्तर तिच्याकडून पंधरा गुंड्या मागून आणत, वर्गात मांडत आणि साहेब गेले की परत पाठवत. म्हातारीला यात काही मिळत नसे. शाळेची इज्जत म्हणून ती देई. तिचा नातूही कधी त्या शाळेत नव्हता.

सबंध गावाला हे ठाऊक होतं. डिप्टी साहेबांनाही ठाऊक असावं, असं मला पुढे वाटू लागलं. ठाऊक नव्हतं ते फक्त पोरांना. कारण तपासणीच्या दिवशी हेडमास्तरांची पोरं हाताची घडी घालून बसत आणि सूत मांडलेल्या फळीकडे मान वळवण्याची त्यांची छाती नव्हती.

त्या वर्षी तपासणीच्या आदल्या संध्याकाळी शाळा सुटल्यावर हेडमास्तर फडक्यात गुंड्या बांधून माझ्या वर्गात आले. सूतकताईचा चांगला वर्ग माझा, म्हणून साहेबांना तोच दाखवायचा होता. भिंतीच्या फळीवर आमच्या गुंड्या होत्या, त्या त्यांनी दोन बोटांनी उचलून टोपलीत टाकल्या आणि म्हातारीच्या पंधरा गुंड्या ओळीनं मांडल्या.

"उद्या साहेबानं इचारलं तं म्हनजा, पोट्ट्यायचं हाय."

मी त्या गुंड्यांकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे पाहिलं. आणि "हो" म्हटलं.

हे मी लपवत नाही. हेडमास्तरांबद्दल इतकं लिहिल्यावर हेही लिहायला हवं. त्यांनी मला धमकी दिली नव्हती, आवाज चढवला नव्हता, रिपोर्टाचा विषयसुद्धा काढला नव्हता. मी आपणहूनच हो म्हटलं, जिनाचं फाटक डोळ्यांपुढे आणून. एकतीस पोरांना वर्षभर 'स्वतः पाहा' म्हणून सांगणारा मास्तर स्वतः मात्र दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहून हो म्हणाला. खोलीवर जाऊन भाकर खाल्ली आणि झोपलोसुद्धा.

सकाळी हेडमास्तर आणि दुसरे मास्तर बैलांची दमणी जुंपून साहेबांना आणायला अल्लीपूरला गेले. मी शाळेत पोचलो तेव्हा पोरं माझ्याआधी आली होती. अंगणात सडा टाकलेला, माठ भरलेला, टाटपट्ट्या झटकलेल्या. मी वर्गात गेलो. फळीवर म्हातारीचं सूत नव्हतं. आमच्या आठ-दहा गुंड्या ओळीनं मांडल्या होत्या आणि प्रत्येक गुंडीला कागदाची चिठ्ठी बांधून तिच्यावर कातणाऱ्यांची नावं लिहिली होती.

"इथं सूत होतं ते कुठं आहे?"

"देऊन आलो जी," एक पोरगा म्हणाला.

"कुणाला?"

"सूतवाल्या आजीले. तिचं होतं."

"तिचं कशावरून?"

पोरांनी त्या मुलीकडे पाहिलं. ती उभी राहिली. "ते डाव्या हातानं बांधते. तिची गाठ उलटी राह्यते. आन् आपलं सूत असं नाई राहत."

"आपली तं सुतळी हाय," मागून कुणीतरी म्हणालं आणि पोरं हसली.

"मला का नाही विचारलं?"

पहिल्या पोराला हा प्रश्नच कळला नाही. "तुमीच तं म्हनलं जी, इचारू नका म्हून."

"आजी काय म्हणाली?"

"म्हने, हेडमास्तरानं धाडलं का? आमी म्हटलं नाई, आमच्या वर्गात राह्यलतं, आमीच आनलं. मंग ते लय हासली. मंग गूळ देला."

म्हातारीचं घर शाळेपासून पाच मिनिटांवर. दमणी यायला अजून अर्धा तास तरी होता. मी दोन दांडग्या पोरांना पुढे बोलावलं. म्हटलं, "पळत जा आणि..."

पुढचं वाक्य मला सापडेना. आजीकडून सूत घेऊन या, असं सांगितलं असतं तर पोरांनी विचारलं असतं, काऊन? आपलं नसलेलं सूत आपलं म्हणून मांडायचं आहे, हे मी त्या दोघांना कुठल्या शब्दांत सांगणार होतो? आदल्या संध्याकाळी हेडमास्तरांना हो म्हणणं सोपं गेलं होतं. त्यांच्याशी बोलायला खरे शब्द लागतच नसत. इथं मात्र नऊ-दहा वर्षांची दोन पोरं पळायच्या तयारीत माझ्या तोंडाकडे पाहत उभी होती.

"काय आनू गुर्जी?"

"काही नाही," मी म्हटलं. "बसा."

बसलो मीही. रिपोर्ट गेला, वडिलांची आशा गेली, आता पुन्हा जिनाचं फाटक, हे मला तेव्हाच कळलं होतं. मी फार धैर्य दाखवलं असं कुणी समजू नये. मला खोटं सांगायला शब्द मिळाले नाहीत, इतकंच.

साहेब आले. छत्री, सोनेरी काडीचा चष्मा, मागून हार हातात घेऊन दुसरे मास्तर. हेडमास्तर दारातच फळीकडे पाहून थांबले. त्यांच्या तोंडातली तंबाखू तोंडातच राहिली. साहेबांनी एक गुंडी उचलली, उजेडात धरली, चिठ्ठी वाचली आणि गुंडीतली गाठ अंगठ्यानं चाचपली.

"हेडमास्तर, हे काय आहे?"

"साहेब, यंदा वर्ग यायच्याकडे हाय," हेडमास्तरांनी माझ्याकडे हात केला. नऊ वर्षांत त्यांनी इतक्या चपळाईनं दुसरं कुठलं काम केलं नसेल. "मागच्या सालापर्यंत मीच पाहत होतो."

साहेब पोरांकडे वळले. "काय रे, सूत बिघडलं कसं तुमचं?"

एक पोरगा उठला. "बिघडलं नाई जी. पयले याच्याहून जाड होतं."

"मागच्या वर्षी तर फार बारीक होतं. मी स्वतः पाहिलं."

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. वस्तू ओळखायच्या कामात त्यांना गोडी होती आणि हा तर अगदीच सोपा प्रश्न होता.

"ते आमचं नसंन जी."

"ते आजीचं असंन," ती मुलगी म्हणाली. "आजबी आलतं. आमी वापस करून आलो."

हेडमास्तर छताच्या कवेलूंकडे पाहत होते. दुसरे मास्तर हार या हातातून त्या हातात घेत होते. मला वाटलं, आता साहेब काहीतरी म्हणतील. रागावतील, हसतील, त्या मुलीला आणखी एखादा प्रश्न विचारतील. साहेबांनी खिशातून घड्याळ काढलं.

"हेडमास्तर, जेवायला उशीर व्हायला नको."

जेवण हेडमास्तरांच्या घरी होतं. पुरणाच्या पोळ्या, वांग्याची भाजी, कढी. साहेबांनी पाच पोळ्या खाल्ल्या आणि मग तपासणीची वही मागवली. मी पलीकडच्या ओसरीवर पाणी द्यायला उभा होतो. त्यांनी मागचं पान उघडलं आणि त्यावरून पाहून पुढच्या पानावर लिहिलं: "सूत एकसारखे व बारीक. प्रगती समाधानकारक." अक्षरही तसंच, स्वल्पविरामाचाही फरक नाही. त्यांनी त्या सकाळी जे हातात धरून पाहिलं आणि कानांनी ऐकलं, त्याचा त्या वाक्याला धक्कासुद्धा लागला नाही. इतकी वर्षं झाली, पण ते वाक्य लिहिणारा हात आठवला की मला अजून शिसारी येते. खोटं बोलणाऱ्या माणसाला निदान खरं काय ते ठाऊक असतं आणि त्याची थोडी भीती असते. साहेबांना खऱ्याची गरजही नव्हती आणि भीतीही नव्हती.

दमणीत चढताना त्यांनी मला बाजूला घेतलं. सज्जनपणानं म्हणाले, "मास्तर, ट्रेनिंगात शिकवतात ते परीक्षेपुरतं असतं. पोरांना इतकं मोकळं सोडू नये. आपल्यालाच जड जातं."

पंधरा दिवसांनी हेडमास्तरांनी माझ्यापुढे रिपोर्ट सरकवला. त्यात होतं: "मास्तर होतकरू आहेत, परंतु वर्गावर ताबा नाही. कायम करण्याची शिफारस करता येत नाही."

"वाचून राह्यले का?" ते म्हणाले. "वाचून काय बदलते? सही करा."

दुसरे मास्तर कानाशी आले. "पाय धरा न बाप्पा. होते काम. मी बी धरले होते."

ते खरं सांगत होते. त्यांना त्याची लाजही वाटत नव्हती. मी सही केली.

माझा वर्ग शेवटचा महिना हेडमास्तरांनी स्वतः घेतला. माझी पोरं चार दिवसांत पुन्हा रांगेत उभी राहिली, हे मी पडवीतून पाहिलं. त्यांना दोष देत नाही. तक्रार नेली की तासभर गणित टळतं, हे कळायला फार अक्कल लागत नाही. फक्त ती मुलगी रांगेत दिसली नाही. तिची वस्तू मोडली तर ती मागे कोपऱ्यात बसून दुरुस्त करी आणि हेडमास्तर तिला विचारत, "तू काऊन आली नाई सांगाले?" पुढे तिचं काय झालं, ती चौथी पास झाली की नाही, मला माहीत नाही. मी नंतर त्या गावी गेलो नाही.

एप्रिलअखेर मी ट्रंक घेऊन हिंगणघाटला आलो. वडील खाटेवर बसले होते. मी सांगितलं, कायम केलं नाही.

"काऊन? काई चुकलं का तुह्यं?"

मी त्यांना सुताची गोष्ट सांगितली. त्यांनी मधे कुठंच अडवलं नाही. कापसातलं त्यांना सगळं कळत होतं, म्हणून सूत कसं होतं तेवढं मात्र दोनदा विचारलं.

"पोट्ट्यायचं सूत लयच जाड होतं का?"

"फार जाड."

"टकळीवर पयल्या सालात तसंच निंघते," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी मला न सांगता जिनाच्या मुनीमजींकडे जाऊन आले, माझ्यासाठी लिखापढीचं काही काम आहे का म्हणून. मुनीमजींनी त्यांना दिवाळीनंतर या म्हटलं. त्या दिवसांत मी घराबाहेर फारसा पडत नसे. गल्लीतली माणसं मला अजून 'मास्तर' म्हणत आणि ते ऐकवत नसे.

जूनच्या आधी शाळाखात्याचं एक पाकीट आलं. समुद्रपूरकडच्या एका गावची शाळा, एकच मास्तर, पहिली ते चौथी सगळे वर्ग त्याचेच. दोन वर्षांत तिथं कुणी टिकलं नव्हतं, म्हणून माझं नाव निघालं होतं. पुन्हा एका वर्षासाठी, पुन्हा कच्ची नोकरी. हेडमास्तर नाही. दुसरे मास्तर नाहीत. मी वडिलांना वाचून दाखवलं.

"किती दूर हाय?"

"जामवरून तीन कोस."

"सडक?"

"सडक नाही. पांदण आहे."

ते उठले, कोनाड्यातल्या आपल्या चांगल्या वहाणा काढल्या, उलट्या करून तळ पाहिले आणि माझ्यापुढे ठेवल्या.

"जामपर्यंत मोटरनं जाजो," ते म्हणाले. "तिथून सकाळच्या पाह्यरी निंघजो, ऊन लागन नाई."